अर्जात मेलेली आई

माझा चुलतभाऊ गोडाऊनवर आला, खुर्ची ओढून बसला, पाणी मागितलं आणि म्हणाला, "आक्का, गुडघं काय म्हणत्यात तुझं?"

माझ्या गुडघ्यांची चौकशी त्याने गेल्या दहा वर्षांत केली नव्हती. ह्याला काहीतरी फुकट पाहिजे, हे मी तिथेच ओळखलं.

माझा धंदा मांडव-डेकोरेशनचा. मांडव, स्टेज, खुर्च्या, पंगतीची भांडी. कळंब्याच्या रस्त्याला पत्र्याचं गोडाऊन आहे आणि त्यामागे घर. सुरुवात केली ती सत्तावीस मोडक्या लोखंडी खुर्च्यांवर. नवरा नोकरीत होता. तो म्हणाला होता, खुर्च्या भाड्याने कोण घेतं? आज मंगळवार पेठेतल्या निम्म्या लग्नांत लोक माझ्याच खुर्च्यांवर बसून माझ्याबद्दल वाईट बोलतात. बोलू देत. दर ठरवताना मी तोंड सोडते, हे खरं आहे. जी बाई तोंड सोडत नाही, तिला या धंद्यात चहा पाजून परत पाठवतात.

"तुझ्या काकांना पंच्याहत्तर पुरी व्हायली," भाऊ म्हणाला. काका म्हणजे त्याचे वडील. "पेठेतली मंडळी सत्कार करणार हायत. रविवारी सकाळी. हॉल ठरला. स्टेज आन खुर्च्या तुझ्याच."

"घरचं काम म्हणून?"

"तू समजून घे की आता."

"समजलं. अजून काय?"

त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढला. मानपत्राचा मसुदा. पेठेतल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी लिहून दिला होता. चौकटीत बसवून काकांना द्यायचा आणि तो द्यायचा मान माझा. "लोकांचं म्हणणं हाय, तुझ्याच हातनं शोभंल," भाऊ म्हणाला. "का, ते वाच. तिसरी ओळ."

तिसरी ओळ अशी होती: 'आपल्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंच्या अनाथ कन्येस पोटच्या लेकीप्रमाणे वाढवून, शिकवून, तिचे हात पिवळे करून आपण समाजापुढे आदर्श ठेवलात.'

ती अनाथ कन्या मी. आणि त्या अनाथ कन्येची आई त्या वेळी वीस पावलांवर, माझ्या घराच्या पायरीवर बसून मेथी निवडत होती. भाऊ आत येताना तिच्या समोरूनच आला होता. "काय मावशी, बरं हाय न्हवं?" असं विचारूनही आला होता.

इथे जरा मागचं सांगितलं पाहिजे.

वडील वारले तेव्हा मी आठ वर्षांची होते. वर्षभराने मामाने आईचं दुसरं लग्न लावलं, हुपरीला. चांदीच्या पैंजणांचं काम करणारा माणूस, बायको मेलेली, पदरात दोन मुलगे. पेठेतल्या आमच्या घराला ते लग्न मानवलं नाही. आमच्यात बाई दुसऱ्या घरी गेली की ती गेलीच, तिचं नावही घ्यायचं नाही. मला काकांनी ठेवून घेतलं. "पोरगी आमच्या घरची हाय," ते म्हणाले. तिकडे त्या पैंजणवाल्यानेही पहिल्या घरचं पोर नको असं आधीच सांगितलं होतं. म्हणजे सौदा दोन्ही बाजूंना पटला. मला कुणी विचारलं नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला कुणी विचारत नाही, हे आता मला कळतं. पण कळलं म्हणून राग जातो असं नाही.

काकांच्या घरात चार पोरं, म्हातारी आजी आणि दीड खोली. काकांनी माझ्यासाठी मुलींच्या एका वसतिगृहात अर्ज केला. जेवण, राहणं, शाळा सगळं मोफत, पण फक्त अनाथ मुलींना. अर्जात एक रकाना होता: आई-वडील हयात आहेत काय? काकांनी तिथे 'अनाथ' लिहिलं. वडिलांना देवाने नेलं होतं, आईला काकांनी. घरी येऊन त्यांनी मला पढवलं, "कुणी इचारलं तर सांगायचं, दोघंबी गेली."

आई महिन्याच्या एखाद्या रविवारी हुपरीच्या एस.टी.ने यायची. वॉर्डनबाईंनी पहिल्याच खेपेला विचारलं, "तुम्ही कोण?" आई म्हणाली, "मावशी." वहीत तसं लिहिलं गेलं. त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागले. फाटकापाशी, व्हरांड्यात, मुलींच्या समोर. मग दोघीच असतानाही. जीभ एकदा वळली की तिला रविवार आणि बाकीचे वार वेगळे कळत नाहीत.

ती यायची तेव्हा तिच्या हातांना रिठ्याचा वास असायचा. चांदी रिठ्याच्या पाण्यात घासतात. बोटांची टोकं काळी पडलेली. डब्यात धपाटी आणि शेंगांची चटणी. मी खात असताना ती माझ्या वेण्या सोडून पुन्हा घालायची आणि भराभर निघून जायची, कारण परतीची गाडी चुकली तर तिला घरात उत्तर द्यावं लागायचं.

वसतिगृहात पाहुणे यायचे. कुणाच्या मुलाचा वाढदिवस, कुणाच्या बापाचं वर्षश्राद्ध. गोड जेवण द्यायचे आणि जेवणाआधी आम्हाला बघायचे. काही मुली पैसे भरूनही राहत. म्हणून वॉर्डनबाई मोठ्याने म्हणायच्या, "अनाथ मुलींनी पुढे या." आम्ही पुढे जायचो. हा शब्द मी असा शिकले. तो ऐकला की दोन पावलं पुढे टाकायची.

मी पाचवीत असताना असे पाहुणे आले तो नेमका आईचा रविवार होता. ती व्हरांड्याच्या कडेला डबा मांडीवर घेऊन बसली होती. पाहुणीण जरीच्या साडीतली, दयाळू चेहऱ्याची. तिने माझी हनुवटी वर केली. "आई कधी गेली गं बाळ?"

"दोन वर्षं झाली."

"काय झालं होतं?"

हे काकांनी पढवलं नव्हतं. मी म्हणाले, "ताप आला आणि गेली."

पाहुणीण "अरेरे" म्हणाली आणि तिने माझ्या हातात दुसऱ्यांपेक्षा एक लाडू जास्त ठेवला. आई दहा हातांवर होती. तिने सगळं ऐकलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

पाहुणे गेल्यावर मी तिच्यापाशी गेले. वाटलं, मारेल, नाहीतर रडेल. तिने डब्याचं झाकण काढलं, चटणी पुढे सरकवली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताप नगं म्हणू. तापाचं समद्याच पोरी सांगत्यात. पोटात दुखून गेली म्हण. खरं वाटंल."

या वाक्यासाठी मी कुणाला माफ करायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही. काकांना नाही. तिलाही नाही.

हेही सांगून टाकते, कारण माझ्यामागे दुसरं कुणीतरी सांगेलच. त्या पहिल्या सत्तावीस खुर्च्या मी ज्या म्हाताऱ्या दुकानदाराकडून आणल्या, तो उधारीला तयार नव्हता. मी त्याला सांगितलं, "मी अनाथ हाय. पाठीशी कुणी न्हाय." म्हातारा विरघळला. आई तेव्हा हुपरीत पैंजणांना घुंगरू लावत बसली होती, अगदी ठणठणीत. म्हणजे तो शब्द कुठे चालतो, हे मला इतर कुणापेक्षाही जास्त ठाऊक आहे. मी तो वापरला आहे. म्हणूनच दुसऱ्याने वापरला की मला लगेच कळतं, तो काय मिळवायला बसलाय.

पेठेत हा शब्द बोलताना कुणी वापरत नाही. नळावरच्या बायका 'अनाथ' म्हणत नाहीत. अनाथ हा लिहायचा शब्द. अर्जात, पाटीवर, देणगीच्या पावतीवर आणि आता मानपत्रात. बोलायचा शब्द 'पोरकं'. तो म्हणताना आधी जिभेने 'च्च' करायचं आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा. तो हात लगेच काढूनही घेता येतो.

भावाला मी म्हणाले, "अनाथ काढ."

त्याला वाटलं, दर ठरतोय. तो हसला. "बरं, पोरकी करूया. 'पोरक्या कन्येस'. मऊ वाटतंय."

"तुझ्या पोरीला म्हणून बघ. मऊ लागतंय काय."

"निराधार?"

"तुझ्या बापानं आधार दिला म्हणून सत्कार करालायसा न्हवं? मग निराधार कशी मी?"

"मातृपितृछत्र हरपलेली," तो म्हणाला. हे त्याचं स्वतःचं नव्हतं. हेडमास्तरांनी पर्याय म्हणून पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. मी म्हणाले, हे माईकवर वाचताना तुझी जीभ तिसऱ्या अक्षरावर अडकेल, आणि तरीही ते खोटंच असेल.

मग त्याने थेट हेडमास्तरांनाच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मास्तर शांतपणे म्हणाले, "ताई, शब्दाचा मूळ अर्थ बघा. ज्याला नाथ नाही तो अनाथ. नाथ म्हणजे स्वामी, पालनकर्ता. वडील निवर्तले, त्या अर्थी..."

"मास्तर, मला काकांनी पाळलं ना?"

"अर्थातच. तोच तर गौरव आहे."

"मग पालनकर्ता होता की मला. अनाथ कशी झाले?"

मग मास्तर म्हणाले, "मुद्दा विचार करण्यासारखा आहे," आणि त्यांनी फोन ठेवला.

"वडिलांच्या माघारी," भाऊ शेवटी म्हणाला. "हे चालंल?"

"हे खरं हाय. लिव. आन पुढं लिव, आई जिवंत असताना."

"आक्का, असं कुठं लिवत्यात व्हय मानपत्रात?" तो उठला. त्याचं पाणी तसंच राहिलं होतं. "तू काकांशीच बोल. मला मधी घालू नगंस."

जाताना पायरीपाशी तो पुन्हा म्हणाला, "येतो मावशी." आईने मेथीची काडी हातात धरूनच मान हलवली.

ती माझ्याकडे कशी आली, हेही दोन वाक्यांत सांगते. तिचा नवरा वारल्यावर त्या दोन मुलग्यांनी घर वाटून घेतलं आणि आईला तू सांभाळ, तू सांभाळ असं चाललं. मी टेम्पो घेऊन गेले, दोघांना दारात उभं करून भर गल्लीत शिव्या घातल्या आणि तिची ट्रंक टाकून तिला घेऊन आले. शेजारणींनी विचारलं, कोण गं ह्या? मी म्हणाले, मावशी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेलं. दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, पेशंटशी नातं काय? मी म्हणाले, मावशी. ती माझ्या शेजारीच उभी होती. तिने दुरुस्त केलं नाही. मीही नाही. तेव्हा काकांशी भांडायला निघताना मला हे आठवायला पाहिजे होतं. नाही आठवलं.

काका मंगळवार पेठेतच राहतात, आता वरच्या मजल्यावर. कानाचं मशीन सदऱ्याच्या खिशात आणि कान मोकळा. मी गेल्यावर त्यांनी ते लावलं. म्हणजे भांडणाची तयारी त्यांचीही होती.

"शब्द काढायचा," मी म्हणाले.

"कुठला?"

"तुमी अर्जात लिवलासा तो."

"मीच लिवला," काका म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यापासून मोठा, आणि बहिरेपणाने त्यात भर पडलेली. "ह्याच हातानं लिवला. आई हाय म्हणून लिवलं असतं तर तुला दारात उभं केलं नसतं त्यांनी. माझी चार, म्हातारी, दीड खोली. मी काय करायचं हुतं, सांग?"

"आईकडं पाठवायचं."

"तिच्या दादल्याला नगं हुतीस तू. जा, इचार तिला, खोटं असंल तर. आन तिनं न्हाय म्हणलं तर मला येऊन सांग, मी मानपत्रच घेत न्हाय." त्यांनी दम घेतला. "त्या एका शब्दावर सात वर्षं जेवलीस तू. शाळा शिकलीस. लिवाय-वाचाय आलं. आता त्येच वाचून माझ्या अंगावर आलीयास."

समोरच्याचं म्हणणं खरं असलं की मी आवाज चढवते. माझी ती पद्धतच आहे. चढवला. "पोटच्या लेकीप्रमाणं म्हणं! पोटच्या पोरींना कुठल्या अर्जात मारलासा तुमी? त्यांनी कुणाच्या पुढं उभं राहून आई कशानं मेली ते सांगितलं?"

चुलती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. काकांनी मशीनचा आवाज कमी केला. मी ते बघितलं.

"तुला पायजे काय?" त्यांनी विचारलं. आता खरा सौदा सुरू झाला. काकांना माझी गरज होती. मी सत्काराला गेले नाही तर पेठ विचारणार, पुतणी कुठे आहे? ज्या कारणासाठी मानपत्र द्यायचं, तेच कारण हजर नाही, असं होणार.

मी बोटांवर मोजून सांगितलं. एक, शब्द काढायचा. दोन, तिला पहिल्या रांगेत बसवायचं. तीन, माईकवर तिला वहिनी म्हणायचं. बाकी काही नको.

"ह्या घरातनं गेलेली बाई ती," काका म्हणाले. "तिला वहिनी म्हणायचं आन ते चारचौघांत?"

"थोरल्या भावाची बायको हुती."

"हुती. गेली."

आम्ही अर्धा तास घासाघीस केली. शेवटी ते म्हणाले, "शब्द काढतो. बसू दे पहिल्या रांगेत, खुर्च्या तुझ्याच हायत, मी कोण न्हाय म्हणणार? माईकवर मी काय बोलणार न्हाय."

तीनपैकी दोन मिळाले. तिसरं पदरात पडणार नाही, हे दिसल्यावर धंदेवाला माणूस उठतो. मी उठले. जिन्यात मला वाटलं, जिंकले. पेठेच्या बाहेर येईपर्यंत लक्षात आलं की जे मागायला आले होते, तेच सोडून आले.

रविवारी सकाळी मी पोरांना घेऊन आधीच जाऊन स्टेज लावलं. पहिल्या रांगेला पांढरी कापडं घातली आणि मग आईला घेऊन आले. निळी इरकल नेसवली होती. हॉलच्या फाटकात ती थांबली. तिथे बारा फुटी फ्लेक्स होता. मधे काका फेट्यात, भोवती शुभेच्छा देणाऱ्या पंचवीस जणांचे हात जोडलेले फोटो आणि वर ठळक अक्षरांत: 'अनाथांचे आधारवड'.

सौद्यात फ्लेक्सचा विषय निघालाच नव्हता. माझी चूक. कागदाचं ठरवलं आणि पाटीचं विसरले. एवढी वर्षं धंदा करून.

आई चौथी शिकलेली आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर हात धरून तिने ते एकेक अक्षर करून वाचलं. "आधारवड म्हंजे?"

"झाड. वडाचं."

"आन अनाथ कोण?"

"मी."

"हां," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून आत चालू लागली.

मी तिला पहिल्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसवलं. शेजारी पेठेतलीच एक म्हातारी होती, नळावरच्या बायकांपैकी शेवटची उरलेली. मी अजून उभीच होते. म्हातारीने आईकडे बघितलं. "पावणं कुठलं म्हणायचं?"

"हुपरीचं," आई म्हणाली.

"हिच्या कोण तुमी?"

मी तोंड उघडलं. पण आईने माझ्या आधी उत्तर दिलं. पटकन, वॉर्डनबाईंना द्यायची तसंच.

"मावशी."

माझ्या डोक्यात सणक गेली. बरं की तेवढ्यात भावाने स्टेजवरून हाक मारली, नाहीतर मी काय काय बोलले असते. मी गेले. मानपत्र वाचलं गेलं. 'आपल्या दिवंगत ज्येष्ठ बंधूंच्या कन्येस' एवढंच होतं, काकांनी शब्द पाळला होता. मी चौकट त्यांच्या हातात दिली. टाळ्या पडल्या. फोटो निघाला, त्यात मी कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसते. काका माईकवर दहा मिनिटं बोलले. तालीम, गणपती, जुनी पेठ, जुनी माणसं. पुतणीचं नाव एकदा घेतलं. वहिनीचं नाही. ठरल्याप्रमाणे.

जेवण जिलेबी-मठ्ठ्याचं होतं. भांडी माझी. मी वाढपी पोरांवर ओरडत होते, खरं म्हणजे त्यांचा काही दोष नव्हता. आई आणि ती म्हातारी एकाच टेबलाला शेजारी बसल्या होत्या. काका फेटा घालून पाहुण्यांमधून फिरत होते. माईकमध्ये शिट्टी वाजते म्हणून त्यांनी कानाचं मशीन काढून ठेवलेलं. आपण किती मोठ्याने बोलतोय, हे त्यांना कळत नव्हतं.

आईच्या समोर ते थांबले. मी आठ-दहा पावलांवर होते. दोघं चाळीसहून जास्त वर्षांत पहिल्यांदाच समोरासमोर. मग काका म्हणाले, आणि ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला भांडी धुणाऱ्या बायांनाही ऐकू गेलं:

"वहिनी, जिलेबी घ्या की! काय खाल्लंच न्हाईसा!"

म्हातारीचा हात मठ्ठ्याच्या ग्लासवर थांबला. भाऊ माझ्याकडे बघू लागला. आईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. दिरासमोर ओढतात तसा. ती हालचाल तिने एवढी वर्षं कुठे जपून ठेवली होती कोण जाणे.

"घेतली की, भावजी," ती म्हणाली.

एवढंच. काका पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांना मुद्दाम म्हणायचं होतं की फेट्याच्या आणि टाळ्यांच्या भरात जुनी हाक तोंडून निसटली, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारणारही नाही. कारण काही असो, मी माईकवर मागितलं होतं. जिलेबीवर नाही.

म्हातारी आईकडे वळली. "म्हंजे तू थोरल्याची मंडळी व्हय? मग मगाशी मावशी कशाला म्हणलीस?"

"सवय," आई म्हणाली आणि जिलेबी मोडू लागली.

दुपारी खुर्च्या टेम्पोत भरल्या. आईला मी पुढे बसवलं, गाडी मीच घेतली. तिच्या मांडीवर कागदात बांधलेल्या जिलेब्या होत्या, कुणीतरी दिलेल्या. कळंब्याच्या जेलची भिंत आली.

"हाक मारली त्यानं," ती म्हणाली.

"एवढ्या वर्षांनी. आन ती बी जेवताना."

"मारली न्हवं?"

मी गिअर बदलला. मागे खुर्च्या खडखडल्या. पुढे उसाची ट्रॉली होती, तिला ओलांडायला जागा नव्हती.

"आन तू?" ती म्हणाली.

"काय मी?"

"तू कवा मारणार?"

मी ट्रॉलीला हॉर्न दिला. पुन्हा दिला. ट्रॉलीवाल्याने हात बाहेर काढून मलाच शिवी दिली, मीही काच खाली करून त्याला दोन दिल्या. काच वर करून मी म्हणाले, "गाडी चालवू दे मला, मावशी."

तोंडातून गेल्यावर कळलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. जिलेब्यांच्या पुडक्याची गाठ सुटली होती, ती तिने पुन्हा घट्ट केली आणि खिडकीतून कळंब्याच्या तलावाकडे बघत बसली.

इथे लिहिताना मी प्रत्येक ठिकाणी आई लिहिलं आहे. लिहायला काही लागत नाही. काकांनीही रकान्यात एक शब्द लिहिलाच होता. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. खिडकीतली ती मुलगी पुन्हा विचारणार, नातं काय? आई शेजारीच उभी असेल. तिला माझ्याआधी बोलायची सवय आहे. म्हणून या वेळी मी आधी बोलणार आहे, आणि मोठ्याने.